तीन वाजेपर्यंतची एकजूट

आमच्या कंधारच्या घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कोणी बसत नसे. ती दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः केलेली होती. सागवानी, पाठीला जराशी कललेली, हातांना गुळगुळीत. आम्ही काही सुतार घराण्यातले नव्हतो. दादा पोरवयात लाकडाच्या अड्ड्यावर हमालीला गेले आणि तिथंच रंधा धरायला शिकले, म्हणून गाव त्यांना किसन मिस्त्री म्हणू लागलं. शाळांची बाकं, दारं, चौकटी, पाळणे त्यांनी पंचक्रोशीत करून दिले. घरात मात्र बैठक असली की सगळे सतरंजीवर बसत, कारण एकानं वर बसायचं आणि बाकीच्यांनी खाली, हे तत्त्वात बसत नव्हतं. मग त्या खुर्चीवर साथींच्या पिशव्या, उपरणी, मफलर असा ढीग पडे. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "एवढी चांगली खुर्ची, अन् बसून कोण राहिलं तर गाठोडं!"

बैठक म्हणजे किती माणसं, असं कोणी आज विचारलं तर मला हसू येतं. एक पायली ज्वारीच्या भाकरीत सगळी क्रांती जेवून उठायची. दादांचा गट नांदेड-कंधारचा. त्यांच्या गटाच्या नावात 'क्रांतिकारी' हा शब्द आधी यायचा. लातूरच्या गटाच्या नावात तोच शब्द शेवटी यायचा, आणि तो आधी की नंतर यावरच म्हणे दोन्ही गट एकमेकांपासून फुटले होते. तिसरा गट मुदखेडचा. तो म्हणजे रेल्वेतले सय्यदभाई आणि त्यांचे मेव्हणे. पुढं मेव्हण्यांचे मतभेद झाले आणि त्यांनी वेगळा गट काढला. तेव्हापासून सय्यदभाई बैठकीला येताना दारातूनच ओरडत, "मुदखेड गट पूरा हाजिर है!"

लातूरच्या गटाचे प्रमुख म्हणजे आमचे गुरुजी. त्यांच्याबद्दल लिहिताना आजही हात आपोआप नीटनेटका चालतो. त्यांचं मूळ गाव कंधार तालुक्यातलंच, घरची शेतीवाडी चांगली. लातूरला ते एका खाजगी शाळेत शिकवत, आणि संपात उतरले म्हणून शाळेनं त्यांना काढून टाकलं. मग ते घरी शिकवण्या घेऊ लागले. आमच्या घरी, जिथं भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिथं ते जेवतात हे कळल्यावर त्यांच्या भावकीनं त्यांना लग्नाकार्याला बोलावणं सोडलं. ते दादांना म्हणाले होते, "बरं झालं मिस्त्री, आहेराचा खर्च वाचला."

मी बारावी झाले तेव्हा आमच्या घराण्यात माझ्याआधी एवढं कोणीच शिकलेलं नव्हतं. पुढं काय, हा प्रश्न मायनं विचारला नव्हता, कारण तिच्या लेखी त्याचं उत्तर ठरलेलं होतं. ते गुरुजींनी बदललं. "सुनंदाला माझ्याकडं पाठवा, लातूरच्या कॉलेजात घालतो," ते म्हणाले. आणि मी त्यांच्या घरी राहायला गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, कमलकाकूंनी, पहिल्या दिवशी मला न्हाऊ घातलं, डोक्यात तेल जिरवलं आणि म्हणाल्या, "आता हे घर तुजं. फक्त गुरुजींची चष्म्याची डबी कुठं हाय ते रोज तूच शोधायचं." लातूरच्या त्या दोन खोल्यांमध्ये मी इंग्रजी शिकले. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी मला आवडू लागली ती तिथंच. विजेच्या दिव्याखाली वाचायची सवय लागली. आज मी निवृत्त प्राध्यापिका म्हणून पेन्शन घेते, तिचा पहिला पैसा त्या घरातून आलेला आहे.

म्हणून दोन्ही गटांनी जेव्हा मिळून निवडणूक लढवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. माझी दोन घरं एक होणार होती. आघाडीचं नाव लांबलचक होतं, पण सगळे तिला 'एकजूट' म्हणत. जागा एकच लढवायची होती, कंधारची विधानसभेची. दगड फोडणाऱ्या आणि रस्त्याच्या कामावरच्या मजुरांशी दोन्ही गटांची वस्त्यावस्त्यांतून ओळख होती. निवडून येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ह्या माणसांना एकदा तरी आपल्या माणसाच्या नावावर शिक्का मारता येईल, असं दादा म्हणत. माय मात्र धास्तावली होती. ती मला चुलीजवळ बसवून म्हणाली, "बाई, ह्या लोकांचं जमलं तर जमलं. फाटलं तर तुजं शिक्षण त्या फाटीत जाईल. ध्यानात ठेव."

उमेदवार कोण, यावर मात्र घोडं अडलं. नांदेडवाले म्हणाले, कंधार आमच्या जिल्ह्यात, उमेदवार मिस्त्री. लातूरवाले म्हणाले, गुरुजींचं गाव ह्याच तालुक्यात, शिवाय ते बोलणारे, उमेदवार गुरुजी. आणि एकजुटीचा पहिला नियम असा, की निर्णय मतदानानं घ्यायचा नाही, एकमतानं घ्यायचा. मतदान केलं की कोणी तरी हरतो, हरलेला नाराज होतो, आणि नाराज झालेला फुटतो, हे सगळ्यांनी अनुभवानं ओळखलेलं होतं. तेव्हा एकमत होईपर्यंत दोघांनीही अर्ज भरून ठेवावेत, आणि माघारीच्या दिवसापर्यंत एकानं मागं घ्यावा, असं ठरलं. चिन्हावर तेवढं लगेच एकमत झालं. अपक्षांच्या चिन्हांमध्ये शिडी होती, ती मागायची. दादांनी त्याच संध्याकाळी उरलेल्या पट्ट्यांची हातभर लांबीची एक शिडी केली, तिला पाचच पायऱ्या घातल्या आणि दगडखाणीवरच्या पारूबाईच्या हातात दिली. पारूबाई तिथल्या बायांची मुकादम नव्हती, पण बाया तिचं ऐकत.

ते दहाबारा दिवस आमच्या घराला सण होता. गुरुजी आणि काकू मुक्कामालाच आले होते. मीही अभ्यासाची पुस्तकं घेऊन त्यांच्याबरोबर आले होते. दिवसभर दादांच्या करवतीचा आवाज, मागच्या अंगणात जात्याची घरघर, ओसरीत कोणाची तरी घसा खरवडून केलेली भाषणाची तयारी. स्वयंपाकघरात तर खरी आघाडी झाली होती. मायची अंबाडीची भाजी आणि काकूंचं येसर. काकू म्हणायच्या, "अक्का, तुमच्या भाजीत लसूण लई." माय म्हणायची, "तुमच्या येसरात तरी काय कमी हाय? गुरुजींचा घसा त्यानंच बसलाय." दोघी खदाखदा हसायच्या आणि एकमेकींच्या परातीत हात घालायच्या. भावकीनं तोडलेलं घर आणि अड्ड्यावरचं घर एका तव्यावर भाकरी भाजत होतं, याचं त्या दोघींना काहीच विशेष वाटत नव्हतं. मला वाटे. मी धुरात बसून ते बघत राही.

सतरंजीवर मात्र रोज तेच. सकाळी चहा झाला की चर्चा सुरू. कोणी तरी म्हणे, मिस्त्री उभे राहिले तर कष्टकऱ्याचा चेहरा दिसेल. कोणी म्हणे, चेहऱ्यानं विधानसभेत भाषण होत नाही. मग आत्मटीका. म्हणजे प्रत्येकानं उठून आपली चूक सांगायची, आणि ती अशी सांगायची की दुसऱ्याची जास्त दिसावी. दादा आणि गुरुजी स्वतः फारसं बोलत नसत. त्यांची माणसंच त्यांच्या वतीनं भांडत. सय्यदभाई एकदा कंटाळून म्हणाले, "अरे, दोनों खडे रहो ना! मुदखेड गट दोनों को पाठिंबा देता!"

माघारीच्या दिवशी सकाळी शेवटची बैठक बसली. त्या दिवशी पहिल्यांदा दोघं थेट एकमेकांशी बोलले आणि तेही वाकडं. कशावरून निघालं ते मला नीट ऐकू आलं नाही, मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर आले तेव्हा गुरुजी म्हणत होते, "शेवटी मिस्त्री, तुम्हाला खुर्ची पाहिजे, असं सरळ म्हणा की."

'खुर्ची' हा शब्द त्या सतरंजीवर शिवीपेक्षा वाईट होता. दादांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडं गेली. तिच्यावर गुरुजींचीच पिशवी होती.

"मी जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या केल्या, गुरुजी," दादा हळू बोलले. "बसलो न्हाई कधी. खुर्चीचा नाद कुनाला हाय ते तुमी सोताला इचारा. शिकलेल्या माणसाला खाली बसून पाय लई दुखतात म्हणे."

गुरुजी उठले, पिशवी घेतली, आणि "गावातल्या जुन्या विद्यार्थ्याला भेटून येतो" म्हणून निघून गेले. थोड्या वेळानं दादाही उठले. "खिळे आनतो," म्हणाले. घरात खिळ्यांचा डबा भरलेला होता, ते मला माहीत होतं. मायनं आणि काकूंनी एकमेकींकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "अक्का, आता कोणीबी उभा राहू द्या. आपन खीर करू. ज्याचं ठरंल त्याचं तोंड गोड, ज्याचं न्हाई त्याचंबी गोड." आणि दोघी शेवया भाजायला बसल्या.

दुपारी तीनची मुदत होती. त्यानंतर उमेदवारांना आवाज देऊन चिन्हं वाटणार होते. माय-काकूंना खिरीपाशी ठेवून आम्ही बाकीचे तहसील कचेरीच्या आवारात गेलो. कडुनिंबाखाली दगडखाणीवरच्या बाया येऊन बसल्या होत्या. एका दिवसाचं काम पाडून, चालत आल्या होत्या. पारूबाईच्या मांडीवर ती लाकडी शिडी. निशाणी पक्की झाली की भिंतींवर गेरूनं शिड्या काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

दादा मला आवाराच्या एका टोकाला दिसले आणि मी चकित झाले. त्यांचा चेहरा कसा हलका झाला होता. हातात पळसाच्या पानाचा पुडा होता, त्यातून झेंडूचा हार डोकावत होता. मला जवळ घेऊन ते कानात म्हणाले, "बाई, मी मागं घेतलं. साहेबाच्या हातात कागद देऊन आलो. गुरुजीला खुर्ची म्हनलं ते लई लागलं मनाला. आता गळ्यात हार घालतो अन् मिटवतो." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी गुरुजींना शोधायला वळले. ते दुसऱ्या बाजूनं, तहसीलदारांच्या खोलीच्या पायऱ्यांवरून येत होते. त्यांच्याही खांद्याच्या पिशवीतून पिवळं काही तरी लोंबत होतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं अजूनही वाटतं. पण कळून तरी काय उपयोग होता? अर्ज एकदा मागं घेतला की तो परत पुढं करता येत नाही, असा कायदाच आहे. माघारीचा कागद निवडणूक अधिकारी किंवा त्यांचे सहायक, दोघांपैकी कोणाकडंही देता येत होता. एकानं एका खोलीत दिला, दुसऱ्यानं दुसऱ्या.

कारकुनानं बाहेर येऊन नावं पुकारायला सुरुवात केली. तेव्हाचे आमदार, त्यांचे विरोधक, दोनचार अपक्ष. एकेकाचं चिन्ह सांगितलं जाई आणि त्याची माणसं आरोळी ठोकत. दादा गुरुजींच्या नावाची वाट बघत उभे होते, पुडा सोडून हार हातात धरलेला. गुरुजीही पिशवीतला हार काढून दादांच्या नावाची वाट बघत होते. सय्यदभाई मधे उभे राहून दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. कारकून थांबला. कागदाची घडी घातली. आत गेला.

आवारात कबुतरं होती. त्यांच्या पंखांची फडफड मला त्या वेळी ऐकू आली. मग दादा म्हणाले, "गुरुजी, तुमचं नाव राहिलं बगा त्यांच्याकडून. जाऊन सांगा." गुरुजी म्हणाले, "माझं कसं? मी तर मागं घेतलं. तुमचं राहिलं." दोघं एकमेकांच्या हातातल्या हारांकडं बघत राहिले.

एवढी वर्षं झाली, मी आयुष्यात याहून मोठ्या गोष्टी बघितल्या, मृत्यू बघितले, तरी त्या दुपारसारखं मला दुसरं काही आठवत नाही. कारण इथं कोणी फसवलं नव्हतं, कोणी दगा दिला नव्हता. दोघांनी चांगलंच केलं होतं. आणि चांगलं करून सगळं संपवलं होतं.

सय्यदभाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "अब ये हारां का क्या करते? एक-दुसरे की तसबिरां को डालते?"

त्यावर हसावं की रडावं हे ठरायच्या आत दोघांचं सुरू झालं. "मला एका शब्दानं इचारलं का तुमी?" "तुम्ही विचारलं का?" "तुमाला मोठेपना पाहिजे व्हता, गुरुजी!" "आणि तुम्हाला काय पाहिजे होतं? त्याग तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे का?" उमेदवारीवरून जे दोघं दहा दिवस एकमेकांशी नीट बोलले नव्हते, ते त्यागावरून कचेरीच्या आवारात ओरडत होते. पलीकडच्या उमेदवाराची पोरं बिड्या ओढत मजा बघत होती.

तेवढ्यात पारूबाई उठून आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं शिडी दादांपुढं धरली आणि हसून विचारलं, "शिडी भेटली का, मिस्त्री?"

दादांनी हातातला हार पाठीमागं नेला. गुरुजींनी आपला पिशवीत कोंबला.

"दुसरी निशानी भेटली का?" ती म्हणाली. "कोनती का असंना. कपबशी दिली तर कपबशी काढू."

सय्यदभाईंनीच तिला सांगितलं, आपलं कोणीच उभं नाही म्हणून. तिला ते पटेना. तिनं एकदा दादांकडं बोट केलं, एकदा गुरुजींकडं. "हे दोगं तर उभेच हायत की इथं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली, कारण मी शिकलेली. "काय गं बाई, मग आमी शिक्का कुनावर मारायचा?"

ती शिडी घेऊन परत झाडाखाली जाऊन बसली.

घरी आलो. खीर झालेली होती, वेलदोड्याचा वास घरभर होता. मायला आणि काकूंना सगळं कळल्यावर काकू मटकन खाली बसल्या. माय म्हणाली, "दोगंबी? एकाच दिवशी?" तिनं हे तीनचार वेळा विचारलं, जणू उत्तर बदलेल. कोणी जेवलं नाही. दादांनी आल्या आल्या करवतीला कानस लावली आणि पाठमोरे बसले. गुरुजी आपले कपडे घडी करून पिशवीत भरू लागले. एकजूट संपली हे कोणी बोललं नाही, पण सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केली होती.

मी माजघराच्या उंबऱ्यावर माझ्या पुस्तकांच्या पिशवीजवळ उभी होते. मायचं वाक्य माझ्या कानात होतं. ह्या फाटीत माझं शिक्षण जाणार. दादांची पाठ बघून मला तेच दिसत होतं. लातूरला आता मी कोणत्या तोंडानं जाणार, आणि दादा तरी कसे पाठवणार? परवापासून माझे पेपर होते. कानशीचा तो कर्कश आवाज थांबेना.

गुरुजी दारापर्यंत गेले. चप्पल पायात घातली. दादांकडं न बघता ते मायला म्हणाले, "वहिनी, परवा हिचा इंग्रजीचा पेपर आहे. लातूरची शेवटची गाडी आता निघेल."

कानस थांबली. दादांनी मान वळवली नाही. तेही मायलाच म्हणाले, "जा म्हनावं तिला. पिशवी घ्यायला लाव."

मायनं कपाळावर हात मारला आणि हसत हसतच तिला रडू आलं. "माय माय माय," ती काकूंना म्हणाली, "झालं की वो कमलताई ह्यांचं एकमत!"

काकूंनी खीर पितळी डब्यात भरली आणि डबा माझ्या हातात दिला. दादा स्टँडपर्यंत आले, माझी पिशवी घेऊन, आमच्या चार पावलं मागून. गाडीत त्यांनी पिशवी वर ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उतरले. त्या दिवसानंतर ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. माझी पदवी होईपर्यंत दादा लातूरला येत राहिले, गुरुजींच्या ओसरीवर बसत, काकूंच्या हातचा चहा घेत. गुरुजी आत माझ्याकडून शब्दांची उजळणी करून घेत, जरा मोठ्या आवाजात, बाहेर ऐकू जाईल अशा.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. गाडी कंधारमधून निघाली ती तहसील कचेरीवरूनच. मी खिडकीशी होते, गुरुजी माझ्या शेजारी, काकू पुढच्या बाकावर. उन्हं उतरली होती, कचेरीचं फाटक बंद झालं होतं, आणि कडुनिंबाखाली बाया अजून बसलेल्या होत्या. आमची माणसं घरी विचार करायला गेलीत, काही तरी ठरवून परत येतील, असं त्यांना वाटलं असावं. पारूबाईनं खिडकीतून गुरुजींना ओळखलं. ती लगबगीनं उठून रस्त्याच्या कडेला आली, आणि गाडीच्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून काहीच न बोलता तिनं ती शिडी हातात उंच धरली, विचारल्यासारखी. गुरुजींनी मान खाली घातली. मांडीवरचा डबा मी घट्ट धरला. वळण येईपर्यंत ती शिडी मला दिसत होती.